प्लास्टर जरा जास्त

सकाळी मी नळी तुंबवतो आणि दुपारी तीच उपसतो. पगार दोन्हीचा मिळून एकच.

आमच्या कारखान्यात कॅथेटर बनतात. रिफिलपेक्षा बारीक, माणसाच्या उंचीची नळी आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं फिरतं पातं. हे जांघेतून रक्तवाहिनीत शिरतं, पायापर्यंत जातं, वाहिनीच्या आतल्या भिंतीवर साचलेला थर तासतं, तासलेला चुरा टोकाच्या पोकळीत भरून घेतं आणि बाहेर येतं. पोकळी रिकामी करायची, पुन्हा आत. घर झाडून केर बाहेर टाकतात तसंच आहे, फक्त घरमालक जागा असतो आणि वर बघत पडलेला असतो.

ही नळी माणसात जाण्याआधी माझ्याकडे येते. माझ्या खोलीत एक टेबल, एक पंप आणि एक पारदर्शक पाय आहे. पायात सिलिकॉनच्या वाहिन्या आहेत आणि पंप त्यांतून कोमट पाणी फिरवतो. प्लास्टर, मेण आणि जिलेटिन कालवून मी वाहिनीत खोटा थर बसवतो. मग कॅथेटर घालतो आणि तासतो. नियम असा, की तुंबवणारा एक आणि उपसणारा दुसरा असावा, म्हणजे कोणी कोणाला सांभाळून घेणार नाही. पण दुसरा नोकरी सोडून गेला आणि त्याची जागा भरण्याचा विचार अजून वर चालू आहे. तोवर मीच स्वतःवर डाव टाकतो आणि मीच उलटवतो. हरतोही मीच.

पायाचं नाव मी भाऊसाहेब ठेवलं आहे. मांडीच्या वर त्यांना काही नाही, त्यामुळे ते मध्येच तोंड घालत नाहीत. या शहरात मी रोज ज्यांच्याशी बोलतो असे ते एकटेच. "भाऊसाहेब, आज जरा कडक केलंय हं," मी म्हणतो. ते धडधडतात, म्हणजे पंप धडधडतो. तेवढं पुरतं.

बाबा माझ्याकडे राहायला आले ते पायामुळे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली होती आणि भरत नव्हती. त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी इकडच्या मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. बाबांनी नोकरीभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. कोणाकडेही गेले की आधी मीटर बघणार, मग माणसं. माझ्या खोलीत आले तेव्हाही दारातच थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "एवढंच वापरतोस? अंधारात बसतोस काय?"

माझ्याकडे खुर्ची एक होती. दुसरी आणली. माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत मोठी घटना होती, पण सांगायला भाऊसाहेबांशिवाय कोणी नव्हतं. त्यांना खुर्चीत रस नाही. असायचं कारणही नाही.

संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो. थोडं चाललं की बाबांच्या पोटरीत गोळा यायचा आणि थांबावं लागायचं. दुखतंय असं ते म्हणायचे नाहीत. जे दुकान समोर असेल ते लक्षपूर्वक बघायचे. त्यांनी नळाच्या तोट्या बघितल्या, लहान मुलांच्या सायकली बघितल्या. एकदा बायकांच्या पर्सच्या दुकानासमोर इतका वेळ उभे राहिले की आतली विक्रेती बाहेर आली.

"काका, कोणासाठी बघताय?"

"ह्याच्यासाठी," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

विक्रेतीने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तपकिरी शोभेल."

गोळा उतरेपर्यंत बाबा बोलायचे. आयुष्यभर ते चालत होते, त्यामुळे एका जागी उभे राहून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आता तोट्यांसमोर आई लग्नाआधी कशी भांडली ते कळलं. सायकलींसमोर कळलं की मी लहानपणी हरवलो होतो आणि हरवलोय हे मला ठाऊकच नव्हतं, मी भलत्याच कुटुंबात जेवून घेतलं होतं. रोज एखाद-दुसरी गोष्ट. मी मुद्दाम दुकानांच्या रस्त्याने न्यायचो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या पायाचं चित्र पडद्यावर लावलं. मांडीतली वाहिनी पांढरी दिसत होती, मध्येच तुटल्यासारखी, आणि पुढे पुन्हा सुरू.

"इथे बंद आहे," त्या म्हणाल्या. "कॅल्शियम साचलंय. खाली रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही. आत नळी घालून तासून घेऊ. मोठ्या ऑपरेशनपेक्षा सोपं आहे. मात्र रेंगाळू नका. आज अंगठ्याचा प्रश्न आहे, उद्या पावलाचा होईल."

"कुठली नळी?" बाबांनी विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं. ती आमची होती.

बाबा माझ्याकडे वळले. "ही तुझी ना? मग हा सांगेल. हा हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही."

"बाबा, मी डॉक्टर नाही. मी प्लास्टरवर करतो."

"मग काय झालं? रोज करतोस ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, मुलाशी बोलून सोमवारपर्यंत कळवा." बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "पाय बरा झाला की पुढच्याच आठवड्यात मी जाणार बरं का. आमच्या जिन्याखाली पत्त्यांच्या डावाला सगळे वाट बघत असतील."

मी म्हणालो, "मी आधी तपासून बघतो. तुमच्यासारखाच अडथळा बनवतो आणि बघतो पातं जातंय का."

"मलाही दाखव."

कारखान्यात शनिवारी घरच्या माणसाला आणता येतं. तसा फलक लावलेला आहे, पण आणलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. मी परवानगी मागितली तेव्हा आमच्या विभागाच्या मॅडमनी मान वर केली. "तुला घरचं माणूस आहे?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती माहिती घेत होत्या.

शुक्रवारी मी बाबांचा अडथळा कालवायला घेतला. चित्र समोर ठेवलं होतं. लांबी बरोबर मोजली, मेण बरोबर घातलं. मग प्लास्टर. पहिला चमचा बरोबर होता. दुसराही. त्यानंतर माझ्या मनात पुढचा आठवडा आला, रिकामी संध्याकाळ आली आणि मी नळाच्या तोट्यांसमोर एकटाच उभा आहे असं दिसलं. मी आणखी एक चमचा घातला. मग आणखी एक, कारण एवढं केलंच आहे तर. स्वतःला म्हटलं, पातं अडकलं तर आपण प्रामाणिकपणे सांगू की अडकलं. महिनाभर मलमपट्टी करू, औषधं घेऊ. महिन्याने काय होतंय? डॉक्टरीणबाईंनी काय होतंय ते सांगितलं होतं, पण ते वाक्य मी तेवढ्यापुरतं कानाआड केलं.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "मनावर घेऊ नका."

शनिवारी बाबांनी टोपी घातली, झगा घातला, बाकावर बसून बुटांवर पिशव्या चढवल्या. आरशात बघून म्हणाले, "जेवण वाढायला उभा राहिल्यासारखा दिसतोय." आत येऊन त्यांनी आधी पंपाचा मीटर बघितला. "बंद पडलाय हा."

"तो दाब दाखवतो बाबा. चालू आहे."

"मग काटा हलत का नाही?"

"दाब तेवढाच आहे म्हणून."

"हं," ते म्हणाले, पण पटलं नव्हतं. मग ते भाऊसाहेबांजवळ गेले आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. आतली वाहिनी, तिच्यातलं पाणी आणि मधला पांढरा खडा, सगळं आरपार दिसत होतं. त्यांनी नकळत स्वतःच्या मांडीवर हात ठेवला.

"असं आहे होय माझं?"

"साधारण."

मी कॅथेटर आत घातलं. पातं खड्याला भिडलं, घरघरलं, थोडा भुगा उडाला. आवाज जड झाला आणि मोटर आपोआप बंद पडली. लाल दिवा लागला. मी मागे घेतलं, पोकळी रिकामी केली, पुन्हा घातलं. पुन्हा लाल दिवा. माझ्या कामात मी इतका यशस्वी कधी झालो नव्हतो.

"अडकलं," बाबा म्हणाले.

"हो."

मला वाटलं ते चिडतील, यंत्राला नावं ठेवतील, डॉक्टरीणबाईंना विचारू म्हणतील. त्यांनी सावकाश टोपी काढली. खोलीत टोपी काढायची नसते, पण मी काढू दिली.

"मग नको," ते म्हणाले. "तू रोज करतोस, तुला कळतं. डॉक्टरांना नाही म्हणून सांगू. पायाचं काय व्हायचं ते होईल."

"तसं नाही..."

"अरे, आता वयच झालंय. एक पाऊल गेलं तर गेलं. मीटर थोडेच वाचायचेत?" आणि त्यांनी भाऊसाहेबांच्या गुडघ्यावर थोपटलं, आजारी माणसाला भेटून निघताना थोपटतात तसं. "यांचीही हीच गत दिसते."

पंप धडधडत होता. मी लाल दिव्याकडे बघत होतो.

"बाबा, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मिश्रण. प्लास्टर जास्त झालंय."

"कोणी केलं?"

"मीच."

"चुकून?"

मी पोकळीतला भुगा झटकायला घेतला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"चुकून नाही," ते म्हणाले. "मग का?"

"बरे झालात की तुम्ही जाल म्हणून."

बाबांना हे समजून घ्यायला वेळ लागला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पायाकडे, पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे मी जाऊ नये म्हणून तू ह्याचा पाय तुंबवलास?"

"हो."

"अरे गाढवा, लोक तोंडाने सांगतात, राहा म्हणून. तू प्लास्टर कालवलंस!"

"मला ते जमतं."

"ते दिसतंय," बाबा म्हणाले. मग बाकावर बसले. मीही बसलो. दोन झगे, चार पिशव्या.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "राहाल का मग?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी जराही वेळ घेतला नाही. "मला इथे करमत नाही रे. तू दिवसभर इथे, मी दिवसभर तिथे. संध्याकाळी दुकानं. किती पर्स बघायच्या माणसाने?"

"हं."

"वाईट वाटलं?"

"हो."

"वाटणारच. पण विचारलंस ते बरं केलंस." त्यांनी टोपी पुन्हा घातली, उलटी. "आता जेवढं आहे तेवढंच बनव बघू. मी मोजतो."

मी नवीन अडथळा कालवला. बाबा चमचे मोजत शेजारी उभे होते आणि प्रत्येक चमच्याला "बस्स?" विचारत होते. मिश्रण घट्ट होईपर्यंत आम्ही दोघं भाऊसाहेबांकडे बघत बसलो. या वेळी पातं घरघरलं, अडखळलं आणि पुढे गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा पुढे. पलीकडे पाणी सुटलं तेव्हा बाबांनी खेळाडूने गोल केल्यासारखे दोन्ही हात वर केले. दाराच्या काचेतून बघणाऱ्या मॅडम दचकल्या.

सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला थोडा वेळ काय करावं ते सुचलं नाही, म्हणून मी खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसलो.

ऑपरेशनच्या वेळी मला आत घेतलं नाही. कॅथेटर ओळखीचं आहे असं सांगून बघितलं, पण उपयोग झाला नाही. नंतर डॉक्टरीणबाई छोटी डबी घेऊन बाहेर आल्या. डबीत पिवळट-पांढरा चुरा होता, नखांच्या कापांसारखा.

"सगळं निघालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण वाट मोकळी झाली. जखम भरेल असं वाटतंय."

बाबा पलंगावर सपाट पडले होते. मी त्यांना डबी दाखवली.

"एवढंसंच? आणि ह्याच्यासाठी मी पर्स बघत होतो?" मग म्हणाले, "हात लाव."

"कुठे?"

"पावलाला रे."

मी लावला. पाऊल गरम होतं. भाऊसाहेबांचंही गरम असतं, पण ते मी तापमान लावून ठेवतो म्हणून. हे आपलं आपण तापलं होतं. मी हात बराच वेळ तसाच ठेवला. परिचारिका म्हणाली, "झालं का तपासून?" बाबा म्हणाले, "असू दे. त्याचं कामच ते आहे."

जखम भरत आली तेव्हा बाबा निघाले. बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. ते कुठेच थांबले नाहीत. मी मागे पडलो, माझ्याकडे बॅग होती. तोट्या, सायकली, पर्स, सगळी दुकानं त्यांनी एका दमात मागे टाकली. विक्रेतीने दारातून हात केला, तो त्यांनी बघितलाही नाही. मीच मान हलवली.

"फोन कर," बस आल्यावर ते म्हणाले. "आणि काही हवं असलं तर तोंडाने सांगत जा. प्लास्टर नको."

"बरं."

ते पायरी सहज चढले. बसच्या काचा काळ्या होत्या, आतली माणसं सावल्यांसारखी दिसत होती. मध्यावरच्या खिडकीत मला त्यांची सावली सापडली आणि मी हात हलवला. त्यांनीही हलवला. नंतर दोन्ही हात हलवले, अगदी मनापासून. बाबा असे कधी करत नाहीत. मीही दोन्ही हात हलवले. बस वळेपर्यंत आम्ही दोघं हलवत होतो.

मग फोन वाजला.

"अरे, मी पलीकडच्या बाजूला बसलोय," बाबा म्हणाले. "तू कोणाला हात करत होतास?"

"होते एक काका."

"ओळखीचे?"

"नाही."

"मग त्यांनी का केला?"

मी रस्त्याकडे बघितलं. बस दिसेनाशी झाली होती.

"त्यांना सोडायला कोणी आलेलं नसेल," मी म्हणालो.

फोनमधून बसचा आवाज येत होता.

"थांब," ते म्हणाले. "बघून येतो त्यांच्याकडे." आणि फोन न ठेवताच, हलत्या बसमध्ये, ते उठून चालायला लागले.