पानगळ नसलेले ट्रे

माघ लागला की सावंतवाडीच्या चितारआळीत रंगवलेल्या लाकडी ट्रेंवरची झाडं पानं गाळतात. ट्रे तेव्हा पुण्यात असो नाहीतर नागपुरात. पाहुण्यांपुढे चहा ठेवता ठेवता पिंपळाची दोन पानं बशीत पडतातच. बायका कुरकुरत केर काढतात. चैत्रात पालवी फुटते आणि कुरकुर थांबते.

दत्तारामच्या ट्रेंवरचं एक पानही दोन वर्षांत हललं नव्हतं. बाजारात त्याचं कौतुकच झालं. "यांचे घ्या हो, कचरा होत नाही," असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत आणि दत्ताराम खाली मान घालून ट्रे बांधून देई. त्यानं छापील कागद चिकटवून वर चकचकीत लाख फिरवली होती. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं! कुणी नुसतं "छान" म्हटलं तरी त्याचे कान तापत.

खरी पंचाईत बाबांची होती. काचबिंदूनं दृष्टी गेली तेव्हा त्यांनी आपले कुंचले दत्तारामच्या हाती दिले होते आणि "माझो हात घरात ऱ्हवलो" असं ते येईल त्याला सांगत. दर माघात ते गळलेली पानं मागत, कुस्करून नाकाशी धरत आणि खूश होत. दोन वर्षं दत्तारामनं देवघरातल्या, बाबांनीच रंगवलेल्या ट्रेवरची पानं तोडून दिली. तोडलेल्या जागी पालवी येत नाही. आता तिथे नुसत्या काटक्या होत्या आणि त्यांच्यावर बसलेला खंड्या पक्षी दत्तारामकडे एकटक बघायचा. दत्तारामनं तो ट्रे भिंतीकडे तोंड करून ठेवला.

यंदा त्यानं छापील कागदाची पानं कात्रीनं कापली. सांगून टाकावं, असं तीनदा ओठांवर आलं. लाजेनं ते तीनदा गिळलं.

"खंयच्या झाडाची रे?" बाबांनी विचारलं.

"पिंपळाची."

"वास नाय हेंका."

"थंडी कमी आसा औंदा."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं दत्तारामला वाटलं. त्यांनी पानं बाजूला ठेवली.

"हात दी बगूया."

त्यानं हात दिला. बाबांचा अंगठा एकेका बोटावरून फिरला, कुंचल्याचा घट्टा शोधत तळव्यावर आला, तिथून मनगटावर गेला.

"थंडीत माणसाचे हात फुटतत. तुझे गुळगुळीत कशे?"

बाबांचं नख कशात तरी अडकलं. मनगटाजवळ कातडीचा कोपरा सुटला होता. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"बाबा, नको."

"हलू नको," बाबा म्हणाले. त्यांनी कोपरा चिमटीत धरला आणि फाटू नये अशा बेतानं, हळूहळू, वर दंडाच्या दिशेनं ओढायला सुरुवात केली.