हानूलेचा दुसरा आराखडा

फॅक्स आला तेव्हा सुजाता रामटेके टॅकोमा बंदरातल्या माणसाशी फोनवर बोलत होती. शनिवारी दुपारी जहाज सुटणार होतं, कंटेनर जहाजावर चढला होता आणि कागदपत्रांत फक्त एक शिक्का राहिला होता. तो शिक्का पलीकडच्या खोलीत, उल्हास चिटणिसांच्या ड्रॉवरमध्ये होता. तासाभरात पाठवते, असं सांगून तिने फोन ठेवला.

२००५ च्या मार्चमधला दुसरा गुरुवार होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये पहाटेपर्यंत बर्फ पडत होता, त्यामुळे अकरा जणांच्या ऑफिसात दहा वाजून गेले तरी चौघंच पोचले होते. समुद्राचं पाणी पिण्याजोगं करणारी लहान यंत्रं बनवणं हा त्या कंपनीचा धंदा. मालक उल्हास चिटणीस मूळचे पुण्याचे, अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झालेले. धंद्याखेरीज त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. पॅसिफिकमधल्या तिमारोआ नावाच्या देशाचे ते मानद वाणिज्यदूत होते. नऊ हजार वस्तीच्या देशाला गावोगावी वकिलाती परवडत नाहीत. मग तो त्या त्या शहरातला एखादा भला माणूस हेरतो आणि त्याला एक झेंडा, एक शिक्का आणि एक पत्र देतो. पगार नाही. ते राहायचे त्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात लोक त्यांना विचारायचे, "काय राजदूत, आज गाडीला झेंडा नाही?" त्यांच्या पत्नी शुभाकाकू पाहुण्यांसमोर सांगायच्या, "आमच्या घरात अख्खा देश राहतो, पण भांडी घासायला त्यातला एक माणूस येत नाही."

कंपनीची इंजिनियर सुजाता अमेरिकेतलं पहिलं वर्षभर त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहिली होती, म्हणून ऑफिसातही ती त्यांना काका म्हणायची.

कंटेनरमधलं यंत्र हानूलेला जायचं होतं. हानूले हे तिमारोआचं सगळ्यात लांबचं बेट. राजधानीपासून बोटीने चौदा तास, वस्ती चारशे बारा. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्र विहिरींत शिरला आणि विहिरी खारट झाल्या. तेव्हापासून गाव पावसाच्या पाण्यावर होतं. ते पाणी साठवायला सिमेंटची एकच जुनी टाकी होती, तीही झिरपणारी. यंत्राचा खर्च तैवान देत होता. तिमारोआ संयुक्त राष्ट्रांत तैवानच्या बाजूने बोलायचा आणि तैवान तिथे रस्ते, दवाखाने, यंत्रं द्यायचा. या मदतीचा एक नियम होता. जागा मोकळी करून तिचे फोटो आल्याखेरीज माल बंदरातून हलवायचा नाही. हानूलेवर सपाट आणि पक्की जमीन एकाच ठिकाणी होती, टाकीखाली. सुजाताने तसं पत्र पाठवलं, आणि जानेवारीत गावाने घणाचे घाव घालून ती टाकी फोडली. बेटावरच्या नर्स सीनीने बोटीबरोबर फोटो पाठवले. मोकळी जागा, कडेला रचलेले सिमेंटचे तुकडे आणि हसणारी माणसं.

एप्रिलअखेर तिथला पाऊस संपतो. त्याच्या आत यंत्र पोचायला हवं होतं. नाहीतर गावाला प्यायला पाणी नव्हतं आणि असलेलं साठवायला टाकीही नव्हती.

उल्हासकाका फॅक्सचा कागद हातात घेऊन दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"सुजाता, हे वाच जरा. मी तीनदा वाचलं."

तिमारोआच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीने सर्व मानद वाणिज्यदूतांना कळवलं होतं, की सरकारने चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले आहेत. तैवानशी असलेले संबंध त्याच क्षणापासून संपले आहेत. तैवानच्या मदतीने चाललेली सर्व कामं थांबवावीत. खाली राजदूत तेवीता लोमा यांची सही होती.

सुजाताने कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. मागे काही नव्हतं. दोनच रविवारांपूर्वी हे तेवीता लोमा नेपरव्हिलला काकांच्या घरी जेवायला आले होते. शुभाकाकूंच्या हातचं भरलं वांगं त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं, आणि मे महिन्यात हानूलेचं पहिलं पाणी मी स्वतः पिणार, असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

काका म्हणाले, काहीतरी गोंधळ असेल. पण तेवढ्यात तैवानच्या मदत विभागाचे मिस्टर लिन यांचा शिकागोहून फोन आला. त्यांनाही ही बातमी सकाळी रेडिओवर कळली होती. तिमारोआतल्या आमच्या लोकांना सामान बांधायला दोन दिवस दिले आहेत, असं ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, पण एकच वाक्य ते दोनदा बोलत होते. कंटेनर उतरवून तैवानला पाठवावा. सुजाताने त्यांना टाकीचं सांगितलं. टाकीचं मला माहीत आहे, तो फोटो माझ्याच फाइलमध्ये आहे, असं म्हणून त्यांनी माफी मागितली.

"काका, तुमचा शिक्का अजून चालतो ना? शिपमेंट कॅन्सल नको करायला. जाऊ दे ते."

"माझा शिक्का चालेल गं. पण माल तैवानचा आहे. परक्याचा माल मी कुठल्या हक्काने पाठवू?"

बाराच्या सुमाराला टॅकोमाला फोन करून तिने स्वतःच कंटेनर उतरवायला सांगितला. त्या माणसाने तिच्याकडून कंटेनरचा नंबर दोनदा वदवून घेतला.

दुसरा फॅक्स दुपारी आला, सात पानांचा. नव्या करारात कोणकोणती कामं होणार त्याची यादी होती, वर्तमानपत्रांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून. धावपट्टी, मंत्रालयाची इमारत, क्रीडासंकुल. चौथ्या क्रमांकावर हानूलेचं पाणी होतं, २००८ अखेर पूर्ण होणार. सोबत एक आराखडा जोडला होता.

सुजाताने तो टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. आराखडा तिचाच होता. कोपऱ्यातलं कंपनीचं नाव तेवढं कागद चिकटवून झाकलं होतं. छताचा उतार दक्षिणेला होता आणि त्यावरच्या सौर पट्ट्यांची तोंडंही दक्षिणेला.

ही चूक तिची होती. जगात दुसऱ्या कुणी ती नेमकी तशी केली नसती. गेल्या सप्टेंबरमध्ये, बेट पाहायच्या आधी, तिने नकाशावरून हानूलेचा पहिला आराखडा काढला होता, ऑफिसच्या नेहमीच्या नमुन्यावर. कंपनीची सगळी कामं इलिनॉय, मेक्सिको आणि कच्छमधली. सगळीकडे सूर्य दक्षिणेला. हानूले विषुववृत्ताच्या खाली, तिथे सूर्य उत्तरेला; आणि तिकडे त्या ऑफिसातल्या कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने सही केली, काकांनी केली, तपासणाऱ्यानेही केली. ऑक्टोबरमध्ये ती बेटावर उतरली तेव्हा सीनीने कागद हातात घेऊन विचारलं होतं, "या घराने सूर्याकडे पाठ का केली आहे?" नागपूरच्या इंदोऱ्यात टँकरमागे धावत वाढलेल्या, पाण्याचंच शिक्षण घेतलेल्या सुजाताला त्या दिवशी मान वर करवेना. मग ती पाच आठवडे तिथे राहिली. रोज भरती-ओहोटीला किनाऱ्याची खोली मोजली, गाव कसं जगतं त्याचा अहवाल लिहिला आणि सगळा आराखडा नव्याने काढला. पहिल्या आराखड्याची एकच प्रत बाहेर गेली होती. मंत्रिमंडळाला दाखवायची आहे म्हणून ती तेवीता लोमांनी मागून नेली होती, सप्टेंबरमध्ये.

म्हणजे सप्टेंबरपासून हे चाललं होतं.

तिने न्यूयॉर्कला फोन लावला. काका समोर बसले होते. त्यांनी नको अशी खूण केली, पण फोन काढून घेतला नाही. राजदूतांनी स्वतःच उचलला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जेवायला या म्हटल्यावर असायचा तसा.

सुजाताने एकच प्रश्न विचारला. जानेवारीत गावाने टाकी फोडली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का?

"माहीत नव्हतं. शक्यता होती," ते म्हणाले.

"मग थांबवलं का नाही?"

"मॅडम, थांबवलं असतं तर तैवानला संशय आला असता. आणि चीनशी बोलणी फिसकटली असती तर यंत्रही गेलं असतं. आमच्याकडे तेल नाही, तांबं नाही. संयुक्त राष्ट्रांत एक खुर्ची आहे, ती कुणाकडे तोंड करते एवढीच आमची मालमत्ता. तुमचा अहवाल फार चांगला होता. तैवाननेही वाचला, चीननेही. चारशे बारा माणसं कशी जगतात ते इतकं स्वच्छ कुणी लिहिलं नव्हतं."

तो अहवाल लिहिताना तिने मुद्दाम एकही विशेषण घातलं नव्हतं, खोटं वाटू नये म्हणून. त्या साधेपणानेच अहवालाचा भाव वाढला होता.

"मे महिन्यात ते काय पिणार?"

"सरकार बोटीने पाणी पाठवेल."

"तुमची बोट महिन्यातून एकदा जाते. मी तिथे राहिले आहे."

तिने समोरचा आराखडा जवळ ओढला. पुढचं जे बोलली ते तिने आधी ठरवलेलं नव्हतं. तिला फक्त आठवत राहिलं, की आपला आवाज त्यांच्यासारखाच शांत येत होता.

"तुम्ही त्यांना दिलेला आराखडा चुकीचा आहे. पट्ट्या उलट्या आहेत."

"ते इंजिनियर आहेत, मॅडम. फिरवतील."

"पट्ट्या फिरवतील. पण त्यात पाणी ओढणारा पाइप खाडीत टाकलाय. दोन वादळांत तो वाळूने भरेल. पाइप कुठे टाकायचा ते मोजायला मला पाच आठवडे लागले. ते आकडे फक्त माझ्या दुसऱ्या आराखड्यात आहेत."

"तो कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे आणि तैवानकडे. ते तुम्हाला देणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

"धावपट्टीचं सामान घेऊन पहिलं जहाज कधी येणार आहे?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडं कुतूहल होतं.

"त्यात दहा हजार लिटरच्या सहा प्लास्टिक टाक्या भरा. पाऊस थांबायच्या आत हानूलेवर उतरवा. नर्स सीनीने मला फोटो पाठवला, की दुसरा आराखडा तुम्हाला मिळेल. त्याआधी नाही."

मग राजदूत हळूच हसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तुम्ही शॉमबर्गमध्ये काय करताय, मॅडम? न्यूयॉर्कला या. मी बोलून पाहतो."

तिने फोन ठेवला. काका तिच्याकडे असे बघत होते जणू ऑफिसात कुणी परकी बाई येऊन बसली आहे.

"तो आराखडा आपला नाहीये, सुजाता. करारात लिहिलंय, डिझाइन त्यांच्या मालकीचं. उद्या लिनने कोर्टात खेचलं तर?"

"माहीत आहे, काका."

"आणि तू तो देणार."

"टाक्या आल्या तर देणार. तुम्हाला त्रास नको म्हणून आजच राजीनामा लिहून ठेवते. तारीख तुम्ही घाला."

"राजीनामा कोण मागतंय?" काका एकदम तिरसट आवाजात म्हणाले. मग ते खिडकीपाशी गेले. बाहेर पार्किंगमधला बर्फ काढणारी गाडी पुढेमागे करत होती. लोमा जेवायला बसला तेव्हा त्याने आधी हात जोडले होते, मला किती बरं वाटलं होतं, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले. शुभाला हे कसं सांगायचं, असंही म्हणाले.

संध्याकाळी सुजाताने सीनीसाठी निरोप लिहायला घेतला. हानूलेवर रेडिओ-टेलिफोन दिवसातून एकदाच लागायचा आणि राजधानीतला ऑपरेटर निरोप वाचून दाखवायचा. यंत्र येणार नाही, हे वाक्य तिने चार वेळा लिहिलं. चारही वेळा ते सोपं आणि खरं होतं. टाकी फोडायला लावली ती मी, हे तिने त्याच्याखाली लिहिलं आणि खोडलं नाही.

ती कोट चढवत असताना फॅक्स पुन्हा वाजला. न्यूयॉर्कहून एकच पान होतं, लेटरहेड नसलेलं, हाताने लिहिलेलं. सहा टाक्यांना होकार मिळाला होता. जहाजाचं नाव आणि तारीख दिली होती, बारा एप्रिल. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर नीट बसली.

खाली आणखी दोन ओळी होत्या. हानूलेखेरीज इतर तीन बेटांचे आपण काढलेले आराखडेही नव्या मित्रदेशाला सुपूर्द केले आहेत. त्यांतही काही चुका असल्यास, त्या दुरुस्त करण्याच्या आपल्या अटी कळवाव्यात.

तिने कपाट उघडून ते तिन्ही आराखडे बाहेर काढले. ते तिने हानूलेहून परतल्यावर तिमारोआ सरकारसाठी काढले होते, एकेक रेघ तपासून. काका तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने पहिला उलगडला, मग दुसरा, मग तिसरा. छतं उत्तरेला, पाइप खोल पाण्यात, आकडे जिथल्या तिथे. अट घालण्याजोगी एखादी चूक शोधत, बोट ठेवत ठेवत ती शेवटपर्यंत गेली.

कुठेही एकसुद्धा चूक नव्हती.