अपोंडीचा पहिला घाव

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे. पण म्हातारं म्हणालात तर मला राग येईल. गावच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं आणि पेरूचा लांब दांडा बसवला.

माझी मालकीण अपोंडी ही घरची थोरली बायको. पूर्व आफ्रिकेतल्या आम्हा लुओ लोकांत हंगामाचा पहिला घाव थोरलीने घालायचा. त्याआधी धाकटीने मातीला हात लावला, तर घरावर अरिष्ट येतं. कितीतरी वर्षं तो घाव माझ्याच पात्याने पडला. मागून ओसुगाची भाजी, केळी, भोपळे अशी बाग बहरायची आणि शेजारणी माझं कौतुक करायच्या.

मग अपोंडीचे गुडघे धरले. "माझ्या पायांवर उभी राहीन, तेव्हाच घाव घालीन," म्हणून ती पडवीत बसली. मला छपरात खोचलं. पहिला घावच नाही, म्हणून हंगाम पेरणीवाचून कोरडेच गेले. बागेत गाजरगवत माजलं; ते खाऊन शेळीचं दूध कडू झालं. वर गंजत पडल्या पडल्या माझा जीव नुसता तळमळायचा.

एका सकाळी धाकटी बायको अवूर तणतणत आली.

"अक्का, गवताला कळ्या आल्यात. फुललं की बी सांडलं, मग जन्मभर खाजवत बसू!"

"मग उपट ना."

"तुझ्याआधी? माझ्या पोरांवर अरिष्ट आणू?"

"माझ्या गुडघ्यांना सांग जा."

"गुडघ्यांनी कुठे खणतात, बाई? हातांनी खणतात!"

अपोंडीला हसू फुटलं, पण लगेच डोळे भरले. "बसून घाव घालू? गाव हसेल गं."

"हसू दे. भाजी मागायला आपल्याच दारात येतील."

अवूरने बागेत स्टूल मांडलं, अक्काला धरून बसवलं आणि मला तिच्या हाती दिलं. पण बसल्या जागी माझा लांब दांडा काही आवरेना. अवूर करवत घेऊन आली. मित्रांनो, मी फार घाबरलं. अपोंडीने दांड्यावरची गुळगुळीत झालेली जागा अंगठ्याने चाचपली.

"इथून वर काप. माझी मूठ राहू दे."

घाव पडला. चार बोटंही खोल नव्हता, पण थोरलीचा होता. हातांना चिंध्या गुंडाळून अवूर आणि पोरं गवतावर तुटून पडली. एकही कळी उमलायच्या आत सगळं मुळासकट निघालं. स्टुलावरून अपोंडी ओरडत होती, "धाकटे, ते बघ, मूळ राहिलं!" मोकळ्या जागेत लगेच ओसुगा पेरला, नाहीतर तण पुन्हा शिरलंच असतं.

आता मी ठेंगणं झालं आहे, तरी हंगाम जवळ आला की हुरहूर लागतेच. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी उभं राहता येत नाही म्हणून कुणी बसून राहिलं असेल, तर त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका. दांडा कापा.