दोन तिरड्या

आमच्या आबांना मुलगे दोन, म्हणून तिरड्याही दोन बांधल्या गेल्या.

पण आधी वाटणीचं सांगते. नऊ वर्षांपूर्वी परमेश्वर आणि सोमनाथ या माझ्या भावांनी सगळं निम्मंनिम्मं केलं: रान, मेंढरं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि आईबाप. आबा थोरल्या परमेश्वरकडं गेले, आई धाकट्या सोमनाथकडं. अंगणात मधोमध भिंत उठली. मी, अंजू, नांदूरघाटला दिलेली लेक, कुणाच्याच वाट्याला आले नाही, त्याचं मला आजही सुखच आहे. पुढं दोघं ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभे राहिले, दोघंही पडले आणि एकमेकांच्या दारात पाऊल टाकणं बंद झालं. आईनंही टाकायचं नाही, असा सोमनाथचा हुकूम. मग म्हातारी माणसं भिंतीच्या दोन बाजूंना बाजा टाकून बोलत. आई विचारायची, जेवलात का. आबा म्हणायचे, हो. एवढाच संसार उरला होता.

आबा पहाटे गेले. मी पोचले तेव्हा आई भिंतीला पाठ लावून बसली होती. नेण्याआधी घटकाभर आबांजवळ बसायचं, एवढंच तिला हवं होतं. मी परमेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, येऊ दे की, पण सोमनाथनं आधी माझ्या दारात येऊन चुकलो म्हणावं. सोमनाथ म्हणाला, माझ्या घरातलं कुणी त्याच्या दारात जाणार नाही. मयत रस्त्यावर आली की आम्ही तिथून ताब्यात घेऊ. ताब्यात, हाच शब्द. दोघांच्या एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण तेराव्याला परत यायचं होतं.

परमेश्वरनं पाटोद्याहून मयतीचं सामान आणलं. सोमनाथनंही त्याच दुकानातून तेच आणलं. एकाच घरात दोन तिरड्या कशा, असं दुकानदारानं विचारलं म्हणे, तर सोमनाथनं सांगितलं, घरं दोन हायत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं बांबू, कडबा आणि सुतळी घेऊन बसली आणि दोन्ही तिरड्या झकास झाल्या. मग आमच्या धुळाजी मामाच्या ध्यानात आलं, की आबा एकच आहेत. आमच्याकडं बांधलेली तिरडी रिकामी ठेवत नाहीत. ती माणूस मागते म्हणतात. हे ऐकलं आणि गावातल्या सत्तरीपुढच्या सगळ्या मंडळींना एकदम शेळ्या सोडायची आठवण झाली.

आई उठली. सोमनाथच्या तिरडीजवळ गेली, पदर नीट केला आणि तिच्यावर आडवी झाली. ऊन लागत होतं, म्हणून पांढरं कापड तोंडावर ओढून घेतलं. तिला हात लावायला कुणी धजेना.

नेमके त्याच वेळी अमरसिंह साहेब गाडीतून उतरले. जिल्हा परिषदेला इच्छुक, सोमनाथनं बोलावलेले. त्यांची त्या दिवसातली ही तिसरी मयत. समोर तिरडी दिसली, तिच्यावर माणूस दिसलं. त्यांनी हार घातला, हात जोडले, चार मोबाइल वर झालेले पाहिले आणि सुरुवात केली, की आश्रुबा मामांच्या, म्हणजे आमच्या आबांच्या, जाण्यानं तालुक्यात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.

कापडाखालून आई बोलली, "पोकळीचं मागून बघू. आदी मला उचला."

साहेब मागं सरले ते थेट शेणाच्या पाटीत.

"आई, उठ की. लोक बघायलेत," सोमनाथ म्हणाला.

"तिरडी तूच बांधलीस न्हवं? मग न्हे. लांब न्हाई, भितीपल्याड. चालत तर तू जाऊ दिलं न्हाईस."

जित्या माणसाच्या तिरडीला खांदा देणार कोण? गाव जागचं हललं नाही. सोमनाथनं पुढचे बांबू धरले, पण एकट्याला तिरडी उचलेना. परमेश्वर भिंतीवरून बघत होता. तो रस्त्यानं वळसा घालून आला, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दारात शिरला आणि मागची बाजू धरली. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त परमेश्वरच्या उंबऱ्यापाशी दोघांतला एकजण म्हणाला, "जपून." कोण, ते मला कळलं नाही.

आईला आबांशेजारी ठेवलं. ती उठून बसली. गळ्यातला हार काढून तिनं आबांना घातला, त्यांचा पटका सरळ केला आणि विचारलं, "जेवलात का?"

मी तिथं ओक्साबोक्शी रडले. आई रडली नाही. बराच वेळ बसली, मग म्हणाली, आता न्या.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. भाऊ आंघोळ करून आले आणि ओल्या डोक्यानंच सोमनाथनं विषय काढला, की थोरल्याकडचं माणूस कमी झालं, तर आई आता दोघांकडं सहा-सहा महिने असावी. परमेश्वर म्हणाला, वाटणी झाली ती झाली. आई मधेच बसून ऐकत होती. तेवढ्यात धुळाजी मामा उरलेली तिरडी मोडून चुलीत घालायला निघाला.

"मोडू नगा तिला," आई म्हणाली. "बरं वाटलं तिच्यावर. दोगंबी ल्योक व्हते."