दगडगिरणीतला धूळखाऊ

मित्रांनो, कुंपणाला टेकून पडलेले हे गंजके पिंप तुम्ही भंगार समजला असाल. तुमची चूक नाही, सगळेच तसे समजतात. पण मी एक जुना धूळखाऊ आहे. समोरच्या गिरणीत पांढरी गारगोटी दळून तिची पूड करतात आणि ती काचेच्या कारखान्यांना पाठवतात. त्या पुडीची हवेत उडणारी धूळ ओढून घेणे, हे माझे काम होते.

मला जन्म दिला गिरणीच्या मिस्त्रीने. मी यायच्या आधी गिरणीत माणसाला माणूस दिसत नसे. भुवया, पापण्या, डब्यातली भाकरी, सगळे पांढरे. मिस्त्रीची थोरली बहीण तिथेच पोती भरायची. सगळी गिरणी तिला ताई म्हणे. पूड वरच्या नळीतून धबाधबा पोत्यात पडे आणि तिचा लोट थेट ताईच्या तोंडावर येई. तिला खोकताना पाहून मिस्त्रीचा जीव तुटायचा.

मग त्याने भंगारातून तेलाचे हे पिंप आणले, मोडीत निघालेल्या यंत्राचा पंखा आणला आणि पत्र्याची लांब नळी वळली. नळीचे पसरट तोंड त्याने ताईच्या पोत्याच्या अगदी वर बसवले. पंखा धूळ ओढी, पिंपातल्या कापडी पिशव्या ती अडवत आणि स्वच्छ हवा वरून बाहेर जाई. निदान तसे व्हायला हवे होते. पहिल्या दिवशी पिशव्यांचे कापड इतके विरळ निघाले, की खाल्लेली सगळी धूळ मी छतावरून पुन्हा खाली सोडली.

"अरे, हा धूळखाऊ आहे की धूळथुंक्या?" ताई पदराने तोंड पुसत हसली. "आण ते कापड इकडे. तुला शिवणातलं काय कळतंय?"

तिने जाड कापडाच्या दुहेरी पिशव्या शिवल्या. त्या दिवसापासून मी नीट चालू लागलो आणि माझे नावही धूळखाऊच पडले. रोज सुटीच्या वेळी मिस्त्री बाहेरचा दांडा गदागदा हलवी. पिशव्या झटकल्या जात आणि धूळ खालच्या खोक्यात पडे. ताईचा खोकला कमी झाला. यंत्रांच्या खडखडाटातही तिच्या थट्टामस्करीचा आवाज ऐकू येऊ लागला.

आता खोक्यातल्या धुळीचे करायचे काय? मागच्या उकिरड्यावर टाकली, तर वारा ती खिडकीतून परत आणून देई. मिस्त्रीने ती सिमेंटमध्ये कालवून साच्यात दाबून पाहिली. पहिल्या फरश्या बिस्किटांसारख्या तुटल्या. मग त्याने पाण्याचे प्रमाण बदलले, फरश्या ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवल्या, आणि हळूहळू त्या दगडासारख्या टणक होऊ लागल्या. त्यांनीच गिरणीच्या अंगणातली वाट बांधली गेली.

मग माझे दिवस पालटले. साहेब लोक मला पाहायला येऊ लागले. "कचऱ्यातून सोनं काढलंत!" असे म्हणून त्यांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. माझ्याशेजारी उभे करून त्याचा फोटो काढला. ताईलाही बोलावले, तर ती म्हणाली, "त्याचाच काढा. मी मध्येच शिंकले, तर फोटो हलायचा."

मित्रांनो, कौतुक फार गोड लागते. मलाही लागले.

एके दिवशी मोठ्या पटांगणासाठी फरश्यांची मागणी आली. मालक रोज खोक्यात डोकावू लागले. एका सकाळी ते मिस्त्रीला म्हणाले, "धूळ कमी पडतेय रे. एवढ्यात कसं भागायचं?"

धूळ कमी पडते, ही तक्रार! ती ऐकून कुणालाही हसू आले नाही. मिस्त्री विचारात पडला. पोत्यापाशी उडणारी धूळ थोडी होती. दळणाऱ्या चाकांच्या पाठीमागे, जिथे कुणीच बसत नसे, तिथे ती ढिगाने होती. त्याने माझी नळी सोडवली आणि माझे तोंड तिकडे वळवले.

"ताई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तोवर तोंडाला फडकं बांध."

"बांधते की. तुझ्या फरश्या होऊ देत," ताई म्हणाली. भावाचा तिला अभिमानच होता.

मी पोटभर धूळ खाऊ लागलो. खोका भरून वाहू लागला. पटांगण झाले, त्यामागून दुसरे काम आले, मग तिसरे. माझे तोंड परत वळवायचे राहूनच गेले. फडक्यातून बारीक धूळ आत जातच होती. मी जागचा हलू शकत नव्हतो. फक्त ऐकत होतो. आधी ताईची थट्टा थांबली. मग बोलणे तुटक झाले. पुढे पुढे एक पोते भरले की ती भिंतीला टेकून बसू लागली.

"दमलीस का गं?" मिस्त्री विचारी.

"वय झालं माझं. तू बघ तुझं काम."

शेवटी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पुडीहून पांढरा होता. डॉक्टरांनी सांगितले होते, की दगडाची धूळ एकदा छातीत रुतली की ती काढता येत नाही. त्याने आल्या आल्या हातोडा उचलला आणि माझी नळी उखडली.

"अरे, अर्धं काम बाकी आहे!" मालक ओरडले.

"राहू दे बाकी," मिस्त्री म्हणाला.

माझे तोंड पुन्हा पोत्यावर आले. पण पोत्यापाशी आता दुसरी बाई बसली होती.

ताई नंतर एकदाच आली. दारापासून माझ्यापर्यंत येताना तिला तीनदा थांबावे लागले. तिने वर नळीकडे पाहिले, मग भावाकडे.

"बरं सुचलं बाई तुला," ती म्हणाली. मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला. तशी तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या बाईकडे वळली. "हे तोंड हलवायला कुणी आलं ना, तर त्याचा हात धर. माझा भाऊ आला तरी धर."

थंडी संपायच्या आत ताई गेली.

पिशव्या विरल्या. त्या तीच शिवत असे. नवे कापड आणून मिस्त्री कितीदा तरी माझ्यापाशी बसला, पण त्याच्याने कात्री चालवेना. पुढे त्याने गिरणीच सोडली. फाटक्या पिशव्यांतून धूळ परत बाहेर पडू लागली, तेव्हा मालकांनी मला ओढून इथे आणून टाकले. पाहुण्यांना दाखवायला फरश्यांची वाट आहेच.

मित्रांनो, टाकाऊपासून टिकाऊ वस्तू जरूर बनवा. पण खोका किती भरला हे पाहण्याआधी जवळ बसलेल्या माणसाला विचारा, श्वास नीट घेता येतो ना? यंत्र कुणासाठी बांधले होते, ते विसरू नका.

आत गिरणी चालू आहे. ती बाई तोंडाला फडके बांधून पोती भरते आहे. तिचा खोकला मला इथवर ऐकू येतो. माझा पंखा अजून शाबूत आहे. कुणीतरी मला जाड कापडाच्या पिशव्या शिवून द्या, आणि उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवा.