काच बोट ओळखत नाही

माझ्या मुलानं, धीरजनं, गाझियाबादला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि स्वयंपाकघरात काच बसवली. काच म्हणजे खिडकीची नव्हे, अख्खा ओटाच काचेचा. त्यावर बोट टेकवलं की म्हणे पातेलं तापतं, पंखा फिरतो, दिवे लागतात. बटण नाही, कळ नाही. फ्रिजचं दारही काचेचं, त्यावर टकटक केलं की आतलं दिसतं. दार उघडायला यांचे हात झडले होते का? न्हाणीघरातला आरसा बाहेर ऊन आहे की पाऊस ते सांगतो, आणि शेजारीच हातभर खिडकी! हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण नुसतं म्हणतो; या शहाण्यांनी तो विकत आणून भिंतीवर टांगला.

मी कराडजवळच्या गावाहून आले ती नातीसाठी. राजनंदिनी अडीच वर्षांची. पुढच्या सोमवारपासून सूनबाईंचं, अश्लेषाचं, ऑफिस पुन्हा सुरू होणार होतं, आणि पोर मी सांभाळायची असं उन्हाळ्यातच फोनवर ठरलं होतं. आमचे हे सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते गावी म्हशींपाशी राहिले. मी दोन पिशव्या भरून मुक्कामालाच आले. प्रश्न एवढाच होता, की ही दोघं नसताना मला त्या काचेवर पोरीचं दूध आणि वरणभात गरम करता यायला हवा.

पहिले दोन दिवस आला की! कणकेचा हात काचेला चालत नाही, ओला हात चालत नाही, पाण्याचा थेंब पडला तरी ती कोकलते. आता स्वयंपाकघरात कोरडे हात कुणाचे असतात, पाहुण्यांचे? तरी मी पदराला हात पुसून पुसून दूध तापवलं. बुधवारी मात्र काच माझ्यापुरती मेली. बोट घासलं, फुंकर मारली, खोबरेल लावलं. ढिम्म. अश्लेषा आली, एका हातात नेहमीचा फोन, दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं आणि लगेच चालू. मग अगदी गोड आवाजात म्हणाली की भांडी घासून घासून तुमच्या बोटांची कातडी झिजलीय, काचेला ती कळतच नाही. खरं सांगते, मला लाज वाटली. सगळे उठायच्या आत मी ओट्याशी उभी राहून सराव करायचे, शाळेत नापास झालेल्या पोरासारखी.

शुक्रवारी खंडेनवमी. आम्ही फौजेतली माणसं. युनिटात रायफलींना हळदकुंकू लागायचं, घरी विळीला, कोयत्याला, शिलाई मशीनला. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे, एवढं आम्हाला कळतं. म्हटलं, या बयेला अजून कुणी नमस्कार केला नाही म्हणून रुसली असेल. पाणी शिंपडलं, कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडू वाहिला. तशी ती किंचाळली, तांबडे दिवे लागले आणि सगळं काळंठिक्कर.

अश्लेषानं कपाळाला हात लावला. धीरज रागावलासुद्धा नाही, तेच मला लागलं. बिल्कुल शांतपणे म्हणाला, की आई, तुला हे जमणार नाही, पोर उपाशी राहील, त्यापेक्षा खाली डे-केअर आहे तिथे सोडू. तू आराम कर, दिवाळीनंतरचं तिकीट काढतो. माझ्याच हातानं माती केली होती.

शनिवारी काच दुरुस्त करायला शंकर नावाचा माणूस आला. अश्लेषा पोरीला आंघोळ घालत होती, धीरज खाली गेला होता. शंकरनं कुंकू पुसलं, मेन बंद करून चालू केला, काचेवर काहीबाही वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“माताजी, कुमकुम से कुछ नहीं बिगड़ा. ये तो बुधवार से लॉक है. किसी ने फोन से लगाया है. फोन से खोलो तभी चलेगा.”

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, की माझी बोटं झिजलीत ना? तो हसला. त्यानं कंपनीच्या फोनवरून ते लॉक काढलं आणि म्हणाला, दबाओ. मी बोट टेकवलं. पहिल्या झटक्यात पेटली.

तेवढ्यात धीरज दारात आला. पेटलेली काच बघितली, माझं बोट बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. शंकर हत्यारं गोळा करून निघून गेला. मग धीरज चाचरत बोलायला लागला. डे-केअरमध्ये नाव महिन्यापूर्वीच घातलं होतं. तिथे मुलं इंग्रजी बोलतात, राजनंदिनी माझ्याजवळ राहिली तर मागे पडेल असं अश्लेषाला वाटतं, आणि त्यालाही वाटतं. मला कसं सांगायचं ते दोघांना सुचेना, म्हणून फोनवरून काच लॉक केली. मलाच आपोआप जमलं नाही असं झालं, तर मला वाईट वाटणार नाही असं त्यांना वाटलं.

“मी नको होते तर तोंडानं सांगायचंस, धीरज,” मी म्हटलं. “मी रडले असते, भांडले असते आणि गावी गेले असते. पण ज्या हातांनी तुला वाढवलं, त्या हातांची मला चार दिवस लाज वाटायला लावलीस, ती का रे?”