हाताने आवळलेला फिल्टर

“न्हाई फिरत, मिस्त्री. जाम बसलाय,” मुंजाजी गाडीखालून ओरडला.

त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. आसाराम पुढच्या चाकाशी बसला होता. डावा हात त्याने टायरवर टेकवला होता. उजवा मांडीवर पडून होता.

“फडक्यानं पुसलास का आधी?”

“दोनदा पुसला.”

“अन् डावीकडं फिरवतोस ना? खालून बघताना डावीकडं.”

“एवढं कळतंय की मला. गाडी चालवतो मी.”

जुने तेल काढून झाले होते. डांबरासारखे काळे तेल घमेल्यात निवत होते. आता फिल्टर काढायचा, नवा बसवायचा, नवे तेल भरायचे आणि टँकर पाण्याला सोडायचा, एवढेच काम होते. पण फिल्टर हलत नव्हता.

हा टँकर पूर्वी दूध वाहायचा. चौसाळ्याच्या पुढे हायवेला लागून दूध संघाचे शीतकरण केंद्र होते. दुष्काळात आधी चारा संपला, मग जनावरे छावणीला गेली, मग दूध आटले आणि केंद्र बंद पडले. संघाने टँकर पाण्याला लावला. टाकीवर गायीचे चित्र होते. त्यावर पांढरा रंग मारून ‘पिण्याचे पाणी’ असे लिहून घेतले. रंग पातळ मारला होता, त्यामुळे गायीची शिंगे अजून दिसत होती. पावसाळा कोरडा गेला तेव्हापासून टँकर दिवसरात्र पळत होता. दोन दिवसांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागायला लागला, तेव्हा मुंजाजी घाबरला. त्याने संघात कोणाला न विचारता आसारामला निरोप धाडला.

आसाराम संघाचा मिस्त्री होता. उमेदीची जवळजवळ सगळी वर्षे त्याने याच आवारात घालवली होती. गेल्या दिवाळीत त्याच्या अंगावरून वारे गेले. बीडच्या दवाखान्यात महिनाभर काढल्यावर वाकडे झालेले तोंड सरळ झाले, पाय उचलायला लागला. उजवा हात मात्र आला नाही. बोटे मिटायची, पण मिटल्यावर त्यांत जोर नसायचा. चहाची कपबशीसुद्धा निसटायची. संघाचे सचिव मोहनराव घरी भेटायला आले होते. आराम कर म्हणाले. तेव्हापासून तो ओट्यावर बसून आराम करत होता. कोणी आले की हात पंचाखाली घ्यायचा.

निरोप आल्यावर तो सकाळीच निघाला. जीपमधून एकट्याला उतरता येत नाही म्हणून बायको, सारजाबाई, सोबत आली होती. ती लिंबाखाली बसून होती. निघण्याआधी तिने आपले दोन हंडे वस्तीवरच्या रांगेत ठेवले होते. आजचा टँकर त्यांच्याच वस्तीचा होता. कालही तो आला नव्हता.

“पाना लावलाता का काय ह्याला कुणी?” मुंजाजी खालून म्हणाला. “फिल्टर हातानंच आवळायचा आस्तो, तुमीच सांगत आलात.”

“हातानंच आवळलाय.”

“कुणी?”

“मी.”

आसारामच्या हाताच्या जोराची गोष्ट आवारात सगळ्यांना ठाऊक होती. कॅनची जाम झालेली झाकणे बाया त्याच्याकडे आणायच्या आणि तो बोलता बोलता उघडून द्यायचा. हा फिल्टर त्याने आजारपणाच्या आदल्या आठवड्यात बसवला होता.

पट्ट्याचा पाना लावून झाला. तेलाने पट्टा घसरत होता. मुंजाजी वैतागून बाहेर आला.

“ऱ्हाऊ द्या मिस्त्री. नवं तेल वतू अन् जाऊ. फिल्टर पुढच्या बारीला बघू. लोक बसलेत तिकडं.”

“जुन्या फिल्टरात सगळी घाण हाय. नवं तेल दोन दिसांत तसंच व्हईल. घाटात इंजिन धरलं तर मंग टँकरच न्हाई. मंग काय करतील लोक?”

“मंग ठोकूनच काढतो,” म्हणत मुंजाजीने लांब पेचकस आणि हातोडा उचलला.

“थांब. पत्रा पातळ हाय त्याचा. फाटंल.”

मुंजाजी खाली शिरला होता. दोन ठोक्यांत पेचकस फिल्टरच्या आरपार गेला. त्याने दांडा धरून जोर लावला. पत्रा टरकन फाटला, फिल्टर जागचा हलला नाही, आणि आत साचलेले तेल मुंजाजीच्या तोंडावर आले. तो शिव्या देत, डोळे चोळत बाहेर सरपटला. सारजाबाईने बाटलीतले पाणी त्याच्या डोळ्यावर ओतले. बाटलीत तेवढेच होते. एक डोळा उघडेना. तो ओले फडके डोळ्यावर धरून लिंबाखाली बसला.

आता जुन्या फिल्टरवर गाडी नेण्याचाही प्रश्न उरला नाही.

आवाज ऐकून मोहनराव ऑफिसातून बाहेर आले. आसारामला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. रागाची नव्हती.

“आसाराम, तू कशाला आलास? अशा उन्हात?”

“मुंजाजीनं बोलावलंतं.”

मोहनरावांनी वाकून फाटलेला फिल्टर पाहिला आणि तिथेच उभे राहून बीडच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. बोलणे लवकर संपले.

“त्याच्याकडे आज माणूस नाही. उद्या दुपारपर्यंत पाठवतो म्हणतो. मी वस्तीवर कळवतो, आज टँकर येत नाही म्हणून.”

“काल बी न्हाई आला, साहेब,” सारजाबाई म्हणाली.

“माहिती आहे मला. पण काय करणार?” मोहनराव म्हणाले आणि पुन्हा फोन लावत आत गेले.

आसाराम उठला. हत्यारांच्या पेटीतून त्याने छिन्नी काढली. फिल्टरच्या बुडाला, तो इंजिनाला टेकतो तिथे, जाड पत्र्याची कड असते. बाकीचा डबा फाटला तरी ती कड फाटत नाही. तिच्यावर छिन्नी तिरपी लावून ठोकत गेले तर फिल्टर फिरतो. हे त्याने कितीतरी वेळा केले होते. सारजाबाईने बारदान अंथरले. तो त्यावर उताणा झाला आणि कोपराने रेटत आत गेला.

छिन्नी उजव्या हातात धरावी लागणार होती. डाव्या हाताने त्याने उजव्याची बोटे छिन्नीभोवती एकेक करून मिटवली. मग डाव्या हातात हातोडा घेतला. पहिला ठोका बरोबर बसला. दुसरा जरा निसटला. मग तो न थांबता मारत राहिला. डाव्या हाताला अंदाज नव्हता. काही ठोक्यांचा आवाज लोखंडाचा यायचा, काहींचा यायचा नाही.

सारजाबाई वाकून पाहत होती.

“आवं, थांबा! हात फुटलाय.”

आसारामने हातोडा थांबवला.

“कोणता?” त्याने विचारले.

तिने त्याला पायाला धरून बाहेर ओढले. उजव्या अंगठ्याचे नख निघाले होते आणि रक्त मनगटापर्यंत आले होते. आसाराम त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. जखम दुसऱ्या कोणाला झाली असावी तसा. सारजाबाईने फडक्याची चिंधी फाडून घट्ट बांधली. तो पाठ टायरला टेकून बसला. मग हळूच म्हणाला,

“सांग मोहनरावला. कळव म्हणावं वस्तीला.”

सारजाबाई तिथेच उभी राहिली. तिने एकदा लिंबाखालच्या मुंजाजीकडे पाहिले, एकदा रस्त्याकडे. मग खाली बसली आणि बारदानावर उताणी झाली.

“काकू, तुमी कुठं शिरता?” मुंजाजी एका डोळ्याने पाहत म्हणाला.

“तुजा डोळा उघडतोय का?”

“न्हाई.”

“मंग बस गप.”

आत गेल्यावर तिचा आवाज घुमून आला. “कुठं मारायचं? सांगा.”

आसाराम टायरला गाल लावून आडवा झाला.

“वर बघ. जिथं डबा इंजिनाला भिडतोय तिथं कड लागंल बोटाला. लागली?”

“लागली.”

“छिन्नी तिरपी धर. टोक तुज्या डाव्या अंगाला ढकलंल आशी. हळू मार. खुंटा ठोकल्यावानी न्हाई, हळू.”

ती हळू मारत होती. एका जागी काही ठोके, मग जागा बदलून काही. आवाज एकसारखा येत होता. आसाराम डोळे मिटून ऐकत होता. एका ठोक्याला आवाज बदलला.

“थांब,” तो म्हणाला. “हलला. आता हातानं बघ.”

“पत्रा फाटलाय, कापंल.”

“बारदानाचा तुकडा गुंडाळ. अन् ओढू नको. दाबून धर अन् मंग फिरव.”

“दाबून धरायचं मला ठावं हाय,” सारजाबाई म्हणाली.

ते खरेच होते. लग्न होऊन आली तेव्हापासून घरच्या म्हशींची धार तीच काढायची. एक म्हैस तर अशी जड धारेची होती की दुसऱ्या कोणाच्या हाताला दूध देत नसे. सारजाबाई अंगठा आत मुडपून, मूठ दाबून धार काढायची; बादलीत फेस चढायचा. सकाळ-संध्याकाळ ते दूध याच केंद्रावर यायचे. यंदा एक म्हैस छावणीत मेली, दुसरीला तिने बाजार दाखवला. तेव्हापासून पहाटे जाग आली की ती हात एकमेकांत धरून बसायची.

तिने फाटक्या डब्यावर बारदान गुंडाळले, दोन्ही मुठी आवळल्या. पहिल्यांदा काहीच झाले नाही. तिने श्वास घेतला आणि मूठ न सोडता पुन्हा दाबली. लोखंडाचा बारीक करकर आवाज आला. मग फिल्टर फिरला. एकदा फिरल्यावर तो सुटतच गेला. उरलेसुरले तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळले.

“निघाला,” ती म्हणाली.

आसारामला आनंद झाला. त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी वाटले, ते काय होते हे त्याला सांगता आले नसते. आजारपणाआधी त्याने केलेल्या कामांपैकी जसेच्या तसे राहिलेले बहुधा हे फिल्टर आवळणे तेवढेच होते.

“रबर आलंय का त्याच्यासंगं? गोल, काळं?” त्याने विचारले.

“न्हाई आलं.”

“मंग ते इंजिनाला चिकटलंय. नखानं काढ. ते ऱ्हायलं अन् त्यावर नवा बसवला तर सगळं तेल घाटात सांडंल.”

तिने नखाने कड उचलली आणि रबर सोलून काढले. आसारामने डावा हात आत घालून ती जागा बोटाने चाचपली, चारही अंगांनी. मग नव्या फिल्टरमध्ये तेल भरले, त्याच्या रबरावर तेलाचे बोट फिरवले आणि फिल्टर तिच्या हातात दिला.

“आटे जुळले का बघ. जुळले? आता फिरव. टेकला की अजून थोडा. बास. लई आवळू नको.”

“कावून?”

“पुन्हा काढायचा आस्तोय.”

मुंजाजीचा डोळा लाल झाला होता, पण उघडला होता. त्याने नवे तेल भरले, गाडी सुरू केली. तेलाचा दिवा लागला आणि लगेच विझला. आसारामने त्याला इंजिन तसेच चालू ठेवायला सांगितले आणि खाली वाकून तो बराच वेळ फिल्टरच्या बुडाकडे पाहत राहिला. थेंब पडला नाही.

“जा,” तो म्हणाला. “घाटात दमानं.”

टँकर आवाराच्या बाहेर पडला तेव्हा मोहनराव धावतच बाहेर आले. टँकर हायवेला लागलेला त्यांनी पाहिला.

“निघाला? कमाल आहे आसाराम. म्हणजे हात चालतोय तुझा अजून.”

“माजा न्हाई,” आसाराम म्हणाला. “हिचा चालला.”

मोहनराव आधी हसले. मग त्यांचे लक्ष सारजाबाईच्या हातांकडे गेले आणि ते हसायचे थांबले. आवारातला नळ कधीचा कोरडा होता. ती बसून मातीने हात चोळत होती. तेल रेघांत बसले होते, निघत नव्हते.

“छावणीचे दोन ट्रॅक्टर बंद पडलेत,” थोड्या वेळाने मोहनराव म्हणाले. “बघायला येशील का?”

आसारामने बायकोकडे पाहिले. तिने मान वर केली नाही, पण चोळायची थांबली.

“येऊ,” तो म्हणाला. “दोघं येऊ.”

दोघे फाटकाबाहेर येऊन वस्तीच्या जीपची वाट पाहत उभे राहिले. ऊन चांगलेच चढले होते. सारजाबाईने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, लुगड्याला डाग पडू नये म्हणून. समोरून ट्रक जात होते. एक ट्रक फार जवळून गेला. त्याच्या वाऱ्याने तिचा डोईवरचा पदर खांद्यावर घसरला. नेमकी तेव्हाच जीप येऊन थांबली. पुढच्या सीटवर तिचे थोरले दीर, रामकिसन, बसले होते. तिने मान खाली घातली. हात वर नेले आणि तसेच मागे घेतले.

एवढ्या वर्षांच्या संसारात आसारामने चारचौघांत बायकोला कधी हात लावला नव्हता. तो तिच्याकडे वळला. डाव्या हाताने त्याने पदराचा काठ धरला आणि वर नेला. तो पुन्हा घसरला. जीपवाल्याने हॉर्न दिला. आसारामने काठ पुन्हा उचलला, नीट तिच्या डोक्यावर ठेवला आणि बसला की नाही ते पाहिले.

रामकिसन पलीकडच्या रानाकडे बघत होते.